आधी पाणी

रेणुकानं मला एक साधा प्रश्न विचारला होता आणि मी तिला अर्धं उत्तर दिलं. अर्धं म्हणजे खोटं नव्हे, असं मी बरेच महिने स्वतःला समजावत राहिलो. पण त्या अर्ध्या उत्तरावर विसंबून एका हुशार मुलीनं कॉलेज निवडलं आणि दसऱ्यापर्यंत ते सोडून ती घरी बसली. चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण मला लिहायचंय ते ताईंबद्दल, आणि ताईंचा विषय निघाला की माणूस हसायला लागतो. हसता हसता स्वतःचं तेवढं सोयीनं गाळतो. मी तरी गाळतो.

मुलं त्यांना अक्का म्हणतात. मी नागपूरचा आणि त्याही नागपूरच्या, म्हणून मी ताई म्हणायचो. बेंगळुरूतल्या एका सरकारी कारखान्यात त्यांनी इंजिनिअर म्हणून उभी हयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर चामराजपेटमध्ये दोन खोल्यांत राहायला आल्या. सुती साडी, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यातल्या पट्ट्याला कारखान्याचं जुनं ओळखपत्र. मुदत केव्हाच संपलेलं. त्यावरचा फोटो इतका फिका झाला होता की तिथं कोणीही असू शकलं असतं. मी एकदा म्हणालो, "ताई, हे आता कशाला?"

"वॉचमन तोंडाकडे पाहत नाही भाऊ, पट्ट्याकडे पाहतो," त्या म्हणाल्या. "पट्टा दिसला की सलाम करतो. मग मी त्याला नमस्कार करते. बिचारा गोंधळतो."

दर वर्षी संक्रांत झाली की ताई एक बस ठरवायच्या. चामराजपेट आणि आसपासच्या वस्त्यांतली, सेकंड पीयूला म्हणजे आपल्या बारावीला असलेली मुलं त्यात भरायची आणि दोन दिवस त्यांना कॉलेजं दाखवत हिंडायचं. बहुतेक मुलं दलित, आणि घरातून कॉलेजात जाऊ पाहणारी पहिलीच. पहिल्या दिवशी शहरातली नावाजलेली कॉलेजं. दुसऱ्या दिवशी मात्र एकच: कोलारच्या बाजूला, एका जुन्या खाणीच्या गावातलं कॉलेज. खाणीत काम करणाऱ्या दलित माणसांनी आपल्या मुलांसाठी ते काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधलं होतं.

याला सहल म्हटलेलं त्यांना चालत नसे. "पाहणी म्हणा," त्या म्हणायच्या. "मुलगी पाहायला जातात ना, तशी. आणि आपण मुलाकडचे आहोत. पोहे त्यांनी करायचे. आपण नाकं मुरडायची."

मुलं हसायची. पण बसमधून उतरताना त्यांचे हात घामेजलेले असत. माझेही असत, वेगळ्या कारणानं.

बस त्या कधीच कॉलेजच्या दारापर्यंत नेत नसत. अलीकडच्या चौकात उतरायचं आणि चालत जायचं, कारण उद्या शिकायला यायचं तर बसस्टॉपवरून चालतच यावं लागणार. दारात पहारेकऱ्याशी ताई बोलणार नाहीत. मुलांपैकी कुणीतरी बोलायचं. शहरातल्या त्या मोठ्या दगडी कॉलेजच्या दारात एका मुलाला पहारेकऱ्यानं दरडावून विचारलं, "यारु बेकु?" म्हणजे कोण पाहिजे तुला. मुलाची दातखीळ बसली. त्यानं मागे वळून पाहिलं, तर ताई एका झाडाकडे टक लावून उभ्या, जणू ते झाडच बघायला आल्यात. पोराला घाबरून काही सुचेना तेव्हा ते म्हणालं, "कॉलेज बेकु." मला कॉलेज पाहिजे. पहारेकरी हसला आणि त्यानं दार उघडलं. ताई दिवसभर त्या मुलाला हाक मारताना "ओ कॉलेज बेकु" म्हणत राहिल्या. पोरगं एक इंच उंच झालं.

आत गेल्यावर पहिलं काम पाणी. लायब्ररी नाही, लॅब नाही, प्राचार्य नाहीत. आधी पाणी. कूलर, नळ, माठ, जे असेल तिथं सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं आणि प्यायचं. तहान असो वा नसो. स्वागताला पाठवलेले प्राध्यापक घड्याळ बघत ताटकळायचे. "सर, एक मिनिट. पोरं पाणी पितायत," ताई त्यांना सांगायच्या, पूजा चाललीय अशा सुरात.

याचं कारण एकदा त्यांनीच सांगितलं. कारखान्यात त्या लागल्या तेव्हा त्यांच्या विभागात एका वरिष्ठांनी त्यांच्यासाठी पाण्याचा वेगळा ग्लास ठेवला. "लेडीज आहात म्हणून," असं गोड बोलून. विभागातल्या दुसऱ्या बाईंना मात्र तो ग्लास नव्हता. "मी काय भांडले नाही," ताई म्हणाल्या. "पण त्या अख्ख्या कारखान्यात जेवढे नळ होते, तेवढ्या सगळ्या नळांना तोंड लावून पाणी प्यायले. पेंट शॉपचासुद्धा सोडला नाही." मग सहज आठवल्यासारखं, "दोनदा कावीळ झाली."

पाणी झालं की एखादा रिकामा वर्ग शोधायचा. प्रत्येकानं फळ्यावर आपलं नाव लिहायचं. पूर्ण नाव, आडनाव असेल तर आडनावासकट. निघताना एखादी नीटनेटकी मुलगी डस्टर उचलायची, की ताई ओरडायच्या, "ठेव ते! पुसणारे पुसतील. ते काम आपलं नाही." आणि संध्याकाळी बसमध्ये तपासणी. इमारत किती मोठी, निकाल किती टक्के, हे त्या विचारतच नसत. "कोणी कसं पाहिलं तुमच्याकडे?" एवढाच प्रश्न. मुलं सांगायची. लायब्ररीतल्या बाईंनी चपला बघितल्या. एक सर हसले. कॅन्टीनवाल्यानं हात धुतले का विचारलं, पण तो सगळ्यांनाच विचारत होता. ताई डोळे मिटून ऐकायच्या आणि प्रत्येकाच्या शेवटी म्हणायच्या, "बरं."

त्यांच्या या "बरं"ची मला पुढे भीती बसली. माणसाला फटकारावं, समजवावं, काहीतरी करावं. "बरं" म्हणून सोडून दिलेला माणूस काय करणार?

ते "बरं" मी पहिल्यांदा ऐकलं आमच्या इंदिरानगरच्या ऑफिसात. समाजकार्यासाठी कंपनी आम्हाला वर्षातून काही दिवस देते. ताई तिथं भेटायला आल्या होत्या. आमच्या मॅनेजरनं त्यांना जुने लॅपटॉप देऊ केले, टी-शर्ट देऊ केले. त्या म्हणाल्या, "वस्तू नकोत. एक माणूस द्या. बसमध्ये बसणारा." मी मराठी म्हणून मॅनेजरनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"नागपूर?" ताईंनी मराठीत विचारलं. मी दोनच वाक्यं बोललो होतो.

"हो."

"शिक्षण?"

"पुण्याला, एमसीए."

"त्याच्या आधी नागपूरलाच ना? कुठलं कॉलेज?"

मॅनेजरला मराठी येत नव्हतं. तरीही मी खाली पाहिलं. "असंच, एक साधं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि बस कुठून सुटते ते सांगू लागल्या.

आता मी कशाला घाबरलो ते सांगायला हवं. मी बौद्ध आहे. नागपूरच्या वस्तीत वाढलो आणि आमच्याच लोकांनी आमच्यासाठी काढलेल्या कॉलेजात बीएस्सी झालो. पुण्यात एमसीए करताना मी त्या कॉलेजचं नाव घेणं सोडलं, कारण नाव घेतलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक लहानसा बदल व्हायचा आणि तो मला सोसत नसे. बेंगळुरूत आलो तेव्हा मला केवढी सुटका वाटली! इथं बरीच माणसं आडनाव लावतच नाहीत. वडिलांच्या नावाचं एक अक्षर पुढे, की झालं. मीही तेच केलं. आडनाव गळालं. सर्जापूर रोडच्या आमच्या सोसायटीतले मराठी लोक मात्र अधूनमधून विचारायचे, "अहो, पण आडनाव काय तुमचं?" मी हसून म्हणायचो, "आता आम्ही पक्के कन्नडिगा." ते हसायचे. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, कोणी काही विचारलं का गं तुला? या प्रश्नाला ती कंटाळली होती.

असा माणूस ताईंच्या बसमध्ये बसला.

मी कंपनीचा टी-शर्ट घालायचो, गळ्यात कंपनीचा पट्टा. पाण्याच्या रांगेत कधी उभा राहिलो नाही. घरून तांब्याची बाटली न्यायचो आणि कुणी विचारलं तर पोट नाजूक आहे म्हणायचो. खरं कारण असं की त्या रांगेत उभा राहिलो असतो तर मी त्यांच्यातलाच दिसलो असतो. बाजूला बाटली घेऊन उभं राहिलं की मी मदतीला आलेला कंपनीचा माणूस. त्या दगडी कॉलेजात आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ भेटले, त्यांचा मुलगा तिथं शिकत होता. "तुम्ही इकडे कुठे?" त्यांनी रांगेकडे पाहत विचारलं.

"कंपनीचं समाजकार्य," मी म्हणालो. "ह्या मुलांसाठी."

"वा, पुण्य कमावताय," ते म्हणाले. त्यांच्या मागेच, ओल्या हनुवटीनं, रेणुका उभी होती.

रेणुकाचं घराणं मराठीच, पण पिढ्यानपिढ्या चामराजपेटमध्ये राहिलेलं. चर्मकार. वडील मार्केटजवळ बॅगा दुरुस्त करायचे. तिच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. तिला फिजिक्स आवडायचं. आवडायचं म्हणजे, बस वळली की ती शेजारणीला सांगायची आपण बाहेर का फेकले जातोय ते. शेजारीण तिला चिमटा काढायची.

दुसऱ्या दिवशीच्या त्या खाणीच्या गावात मुलं जरा हिरमुसली. बैठी पिवळी इमारत, पत्र्याचं सायकल स्टँड, मैदानात शेळ्या. व्हरांड्यात निळ्या कोटातल्या साहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. प्राचार्य स्वतः माठाशी उभे राहिले आणि एकेकाला ओगराळ्यानं पाणी देत नाव विचारत गेले. माझ्यासमोर आले तेव्हा मी बाटली वर करून दाखवली. ते हसले आणि पुढे गेले.  सगळं माझ्या नागपूरच्या कॉलेजातलंच होतं. सायकल स्टँडचा पत्रा वाऱ्यानं वाजायचा तो आवाजसुद्धा तोच. मला वाटत होतं, आता कुणीतरी मला ओळखणार. ओळखणारं कोण होतं तिथं? मीच.

फिजिक्सच्या लॅबमध्ये एका सरांनी रेणुकासमोर उपकरणाचे सुटे भाग ठेवले आणि म्हणाले, जोड. अर्धा वेळ चुकली, मग जोडलं. सर म्हणाले, "आता मोड आणि पुन्हा जोड." ती बसमध्ये आली तेव्हा तिच्या बोटांना ग्रीस लागलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

परतताना चहासाठी बस थांबली. ताई पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या रेडिओवरच्या गाण्यावर मान हलवत. रेणुका माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली.

"अण्णा, एक विचारू? खरं सांगायचं हां."

"विचार."

"मला दोन्हीकडे मिळेल असं वाटतंय. तिकडं दगडी कॉलेज. इकडं हे. इथं हॉस्टेल आहे, सर चांगले आहेत, मला आवडलं. पण आमचे पप्पा म्हणतात, असल्या कॉलेजातनं शिकून काय होतंय? तुम्ही एवढ्या मोठ्या कंपनीत आहात. असल्या कॉलेजातनं कोणी येतं का तिथं?"

ताईंची मान हलायची थांबली. ते मला दिसलं. आजही दिसतं.

"तुम्ही कुठं शिकलात अण्णा?"

"पुण्यात," मी म्हणालो.

"बघा. पुण्यात." तिचा आवाज जरा उतरला.

इथं तरी मी थांबायला हवं होतं. पण घाबरलेला माणूस जास्त बोलतो. "नावाचा फायदा होतो रेणुका," मी म्हणालो. "मोठं नाव असलं की दारं उघडतात. मिळत असेल तर शहरातलंच घे."

ताई मागे वळल्या. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "होगोणा." चला निघू.

जूनमध्ये रेणुकाचा फोन आला. दगडी कॉलेजात प्रवेश मिळाला होता. "तुमच्यामुळं अण्णा," ती म्हणाली. मी बायकोला पेढे आणायला लावले. इतकं मला बरं वाटलं होतं. आणि इतकं अस्वस्थही, की मी त्यातला एकही पेढा खाल्ला नाही.

ताईंचे फोन पहाटे यायचे, उजाडायच्याही आधी. "हॅलो" वगैरे नाही. काल अर्धवट राहिलेलं वाक्य आज पुढे चालू केल्यासारखं त्या बोलायला लागायच्या. दसऱ्यानंतर असाच एक फोन आला.

"तर ती घरी बसली."

"कोण?"

"कोण काय विचारता." मागे कुकरची शिट्टी झाली. "कॉलेज सोडलं. जात नाही म्हणते. पुन्हा कुठंच जात नाही म्हणते. लग्नाचं बघा म्हणते."

त्या दिवसापासून माझी झोप गेली म्हटलं तर नाटकी वाटेल, पण ऑफिसात फोन वाजला की मी दचकत असे. ती काय करून घेईल? तिचे वडील खरंच स्थळं बघू लागले तर? मी रविवारी रिक्षा करून चामराजपेटला गेलो आणि मार्केटच्या कोपऱ्यावरून परत आलो. रिक्षावाला म्हणाला, "एनु सार, इळियल्वा?" उतरायचं नाही का? मी म्हणालो, काम विसरलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. तिला भेटून काय सांगायचं, हे मला ठाऊक होतं. तेच तर सांगायचं नव्हतं.

शेवटी ताईंकडेच गेलो. त्या बूट धूत होत्या.

"ताई, तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना?"

"नागपूरचा माणूस 'साधं कॉलेज' म्हणताना खाली पाहतो, म्हणजे कुठलं ते मले कळणार नाही काय? मी पण इंजिनिअरिंगच्या आधी तिथंच शिकले, तुमच्या आधी कितीतरी वर्षं. त्याच पत्र्याखाली सायकल लावत होते." चिडल्या की त्यांचं नागपुरी वर येई.

"मग तुम्ही का नाही सांगितलं तिला? तुम्ही स्वतः तिथल्याच."

"मी सांगत नाही काय? दर वर्षी सांगते. पोरं म्हणतात, अक्का, तुमचा काळ वेगळा, तेव्हा सरकारी नोकऱ्या होत्या. आता आम्हाला कोण विचारतंय." त्यांनी बूट उन्हात उलटा ठेवला. "म्हणून तर कंपनीत आले होते. लॅपटॉप कायले पाहिजे मले? मला एक माणूस पाहिजे होता, आजच्या काळातला. खाणीच्या गावातल्या त्या कॉलेजच्या पायरीवर उभा राहून एवढंच म्हणणारा, की मी असल्याच कॉलेजातून आलो. बाकी बडबड करायला मी आहे."

"पण मी बोललो नाही तेव्हा तुम्ही तिला माझ्याबद्दल सांगू शकला असता."

"ते तुमचं आहे भाऊ," ताई म्हणाल्या. "मी कशी सांगणार?"

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ताईंची रेणुकाला परत आणायची रीत अजबच होती. दर रविवारी त्या तिच्या घरी जायच्या आणि कॉलेजचा विषयच काढायच्या नाहीत. थंडीत अवरेकायचे, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे, ढीग बाजारात येतात. ताई पिशवीभर शेंगा घेऊन जायच्या, चटईवर ओतायच्या आणि सोलत बसायच्या. रेणुका चिडायची, आत जायची, कंटाळून बाहेर यायची आणि सोलायला बसायची. रेणुकाच्या आई मला नंतर म्हणाल्या, "आमच्याकडं महिनाभर दुसरी भाजी नाही अण्णा. माणसं येतेत जातेत, पावटा तसाच."

नव्या वर्षाची बस आठवड्यावर आली होती. त्या रविवारी मी रिक्षातून उतरलो.

दार उघडंच होतं. चटईवर ताई, रेणुका आणि तिची आई. मधे शेंगांचा ढीग. रेणुकानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"या की अण्णा, बसा," आई म्हणाल्या आणि गडबडीनं उठल्या. खुर्ची पुसली. मी खाली चटईवर बसलो तर त्यांना ते बरं वाटलं नाही.

"कसं आहे कॉलेज, विचारायला आलात काय?" रेणुका म्हणाली. "छान आहे. मोठी झाडं आहेत."

"रेणुका," आई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"पहिल्या दिवशी सगळ्यांनी मार्क विचारले. दुसऱ्या दिवशी कोटा विचारला. नाव कुणी विचारलं नाही." ती शेंगा सोलत बोलत होती, भराभर. "लॅबमध्ये जोड्या लावायच्या होत्या. मी एकटी उरले. सर म्हणाले, तू नुसतं बघ. सगळी टर्म नुसतं बघितलं. फिजिक्स नुसतं बघून येतंय काय अण्णा?"

 मला खोकला आला. रेणुकाच्या आई आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग थांबला. त्या दारातच उभ्या राहिल्या. हातात पाण्याचा लोटा, पण पाऊल पुढे येईना.

"अण्णा, आमच्या घरचं पाणी चालतंय ना तुम्हाला?"

मला आधी कळलंच नाही.

"ही म्हणत होती, बसमध्ये तुम्ही तुमचं वेगळं पाणी आणता. आमच्या पोरांबरोबर घेत नाही. सोवळंओवळं असतंय एकेकाचं, त्यात काय वाईट नाही," त्या समजुतीनं म्हणाल्या. "समोरच्या दुकानातनं बाटली आणायला सांगू काय?"

ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी उठलो, त्यांच्या हातातून लोटा घेतला आणि पाणी प्यायलो. उभ्यानंच, गटागटा, शर्टावर सांडत. बाजूला बाटली धरून उभा राहिलो तेव्हा त्या मुलांना काय दिसलं असेल, याचा मी एकदाही विचार केला नव्हता. मला वाटत होतं मी लपतोय. त्यांना दिसत होता त्यांच्यासोबत पाणी न पिणारा एक माणूस. ताईंच्या कारखान्यातल्या त्या वरिष्ठांत आणि माझ्यात, त्या रांगेतून पाहिलं तर, काहीच फरक नव्हता.

रेणुका माझ्याकडे बघत होती. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"अण्णा, पुण्याच्या आधी तुम्ही कुठं शिकलात?"

मी सांगितलं. कॉलेजचं नाव सांगितलं, माझं आडनाव सांगितलं. आम्ही बौद्ध आहोत हे सांगितलं. ते कॉलेज आमच्याच लोकांनी काढलेलं, तिथं पत्र्याचं सायकल स्टँड होतं आणि वारा सुटला की तो पत्रा वाजायचा, हेही. तोंडी परीक्षेला बसल्यासारखं एकेक सांगत गेलो.

"लॅब होती?" रेणुकानं विचारलं.

"होती. लहान होती."

"हाताला देत होते?"

"दुसरं कोण होतं द्यायला? मोडलं तर आम्हीच दुरुस्त करायचो."

ती जराशी हसली. तिच्या आई मी परत दिलेला रिकामा लोटा हातात घेऊन अजून उभ्याच होत्या, आणि आता माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं, आपल्या घरातल्या माणसाकडे बघावं तसं बघत होत्या. त्या नजरेची मला इतकी वर्षं भीती वाटत होती.

"अक्का," रेणुका म्हणाली, "पुढच्या रविवारी बस आहे ना? खाणीच्या गावाला जाते ना ती? मी येते. तिथले सर अजून घेतात काय विचारते. पण अण्णांनी हे सगळं तिथं पायरीवर सांगायचं. सगळ्यांच्या समोर. पट्टा काढून."

"बरं," ताई म्हणाल्या. पण यावेळी त्या माझ्याकडे पाहत राहिल्या, आणि तो प्रश्न होता.

मी होकारार्थी मान हलवली.

"ते रविवारी," रेणुका म्हणाली. "आत्ता मला सांगा. मी विचारलं होतं तेव्हा का नाही सांगितलं?"

बाहेर रस्त्यावर कोणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. मी तो आवाज संपायची वाट पाहिली, आणि तो संपेना म्हणून त्यातच बोललो.

"मी घाबरलो, रेणुका. तू मला तुमच्यातला समजशील, याची मला भीती वाटली. मला ते नको होतं. तुला त्या दिवशी एकच गोष्ट कळायला हवी होती, की असल्या कॉलेजातून आमच्या कंपनीत माणूस येतो, आणि ती सांगणं अख्ख्या बसमध्ये फक्त माझ्या हातात होतं. ती मी दाबून ठेवली आणि वर तुला सल्ला दिला. तुझं वर्ष गेलं ते माझ्यामुळं. तुमच्या रांगेत पाणी प्यायलो नाही, तेही त्याच भीतीपायी. माझं चुकलं. मला माफ कर."